फुलाला नकार, सिंहाला होकार

कॉलेजात जाणारी आपली मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. माझ्या भाच्यानंही मागे विचारला, "मामा, गोव्यानं महाराष्ट्रात जायला नकार दिला ना? मग महाराष्ट्रवादी नावाचा पक्ष इतकी वर्षं इथं राज्य कसं करत होता?" प्रश्न अगदी रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची दोन उत्तरं फिरतात. एकात मराठीचा विश्वासघात झालेला असतो, तर दुसऱ्यात मराठी ही बाहेरून लादलेली भाषा असते. खरी हकिगत या दोन्हींपेक्षा रंजक आहे. ती समजून घ्यायची तर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे आपले भाऊसाहेब, यांच्या निवडणुका क्रमानं पाहाव्या लागतात.

भाऊसाहेबांचा जन्म 12 मार्च 1911 चा, पेडण्याचा. पुढे ते खाणमालक झाले, आणि देवळांना, शाळांना, गरजूंना सढळ हातानं मदत करणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. 1963 साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, स्थापन झाला. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावं ही त्याची मुख्य मागणी होती. समोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष उभा होता, आणि त्याला गोवा वेगळा हवा होता.

9 डिसेंबर 1963 ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली. जागा एकूण 30, त्यांतल्या 28 गोव्यातल्या आणि दमण व दीवची एकेक. ज्या काँग्रेस सरकारनं गोवा मुक्त केला होता, त्याच काँग्रेसला दोन वर्षांच्या आत गोव्यातल्या लोकांनी एकही जागा दिली नाही. मित्रपक्षासह मगोला बहुमत मिळालं. गंमत म्हणजे भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीत उभेच नव्हते. 20 डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकई मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले.

मगोला मतं देणारा माणूस कोण होता, हे विसरलं तर पुढचं काहीच कळणार नाही. हा होता कूळ आणि मुंडकार. भाटकाराची जमीन कसणारा, त्याच्याच भाटात झोपडं बांधून राहणारा, तो सांगेल तेव्हा ते सोडायची वेळ येणारा. देवळातलं भजन-कीर्तन आणि घरातली पोथी त्याची मराठी होती, पण पोर्तुगीज राजवटीतली सरकारी शाळा मात्र पोर्तुगीज. भाऊसाहेबांच्या सरकारनं 1964 साली कूळ कायदा आणला आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आपल्या वाडीवरच्या मुलानं पाटी घेऊन शाळेत जाणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

1965 साली विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केला. विरोधकांनी हरकत घेतली की इतका मोठा निर्णय आमदारांनी परस्पर घ्यायचा नसतो, तो लोकांना विचारला पाहिजे. केंद्रानं ते मान्य करून त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून 1966 च्या डिसेंबरात भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरण हवं असेल तर फूल, वेगळा संघप्रदेश हवा असेल तर दोन पानं. प्रचारानं गोवा ढवळून निघाला. 'गोमन्तक' दैनिक विलीनीकरणाच्या बाजूनं लिहीत होतं. विरोधी बाजूचं 'राष्ट्रमत' हेही मराठी दैनिकच होतं, आणि त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत, तेही मराठीतून! महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्याच्या वाचकाला पटवायला मराठीच लागली. 'मराठी म्हणजे विलीनीकरण' असं समीकरण मांडणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

गोव्यात 3,17,633 मतं पडली. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा, म्हणजे सतराएक हजार लोकांनी उलटा शिक्का मारला असता तरी निकाल फिरला असता. हा निकाल केवळ ख्रिस्ती मतांमुळे लागला असं सर्रास बोललं जातं. पण गोव्यात तेव्हाही हिंदूंचीच संख्या जास्त होती. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत तेही मोठ्या संख्येनं असल्याशिवाय हा आकडा जमत नाही.

आमच्याच घरात मतं फुटली होती. आजोबा शाळामास्तर, त्यांचं मत फुलाला. आजी घरात बोलायची कोंकणी, वाचायची मराठी पोथी, आणि तिचं मत दोन पानांना. कारण विचारलं की म्हणायची, "मुंबईत आमचं गाऱ्हाणं कोण ऐकणार? पणजीला निदान चालत जाऊन सांगता येतं." त्यावरून दोघांत चार दिवस अबोला होता म्हणे. मार्चमध्ये मात्र दोघांनीही सिंहावर शिक्का मारला.

सिंह म्हणजे मगोची निशाणी. कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली. पक्ष ज्या मागणीसाठी जन्माला आला तीच लोकांनी नाकारलेली, तरीही भाऊसाहेब पुन्हा लोकांसमोर गेले. निकाल लागला तो मगो 16, युनायटेड गोवन्स 12 असा, आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

यात थोडं गणितही आहे. कौलाची मोजणी सगळ्या गोव्याची मिळून झाली, निवडणुकीची मात्र मतदारसंघागणिक. सासष्टीसारख्या भागात विरोधकांना कितीही मोठं मताधिक्य मिळालं तरी जागा तेवढ्याच. पण केवळ गणितानं उत्तर पुरं होत नाही. मार्चमध्ये विलीनीकरणाचा प्रश्न उरलाच नव्हता. आता लोकांपुढे प्रश्न होता तो कुळाची जमीन कोण राखेल आणि गावात शाळा कोण चालवील, हा. जानेवारीत लोकांनी एका प्रश्नाला उत्तर दिलं, मार्चमध्ये दुसऱ्या. आमच्या आजीला या दोहोंत कधीच विसंगती दिसली नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. कौल भाऊसाहेबांच्या मनासारखा लागला असता, तर गोव्याची विधानसभा राहिली नसती आणि मुख्यमंत्रिपदही राहिलं नसतं. आपलीच खुर्ची जाईल अशी मागणी हा माणूस करत होता. लोकांनी ती फेटाळली म्हणून खुर्ची राहिली, आणि तिच्यावर लोकांनी पुन्हा त्यालाच बसवलं. 1970 मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केलं, पण 1972 च्या निवडणुकीत मगोच्या जागा वाढून 18 झाल्या.

12 ऑगस्ट 1973 ला भाऊसाहेब मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर, आपल्या ताई, मुख्यमंत्री झाल्या. आजवर गोव्याला लाभलेल्या त्या एकमेव महिला मुख्यमंत्री. त्यांच्या काळात मुंडकार कायदा आला, आणि 1976 च्या दुरुस्तीनं कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देण्याचं पाऊल उचललं गेलं. 1979 च्या एप्रिलमध्ये हे सरकार कोसळलं आणि मगोची सलग राजवट संपली.

30 मे 1987 ला गोवा राज्य झाला. त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. त्यावरचे वाद अजून चालू आहेत, चालू राहतीलही. पण वाद घालताना एवढं ध्यानात असू द्या की मराठीवर प्रेम करणारी माणसं फुलाच्या बाजूला होती तशी दोन पानांच्याही होती. त्यांना कोणी गद्दार म्हटलं, तर त्यात आपल्याही घरातलं कोणीतरी निघण्याची शक्यता आहे. 1967 साली मतदान केलेलं माणूस आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे असणार. घरात, शेजारी असं कोणी असेल, तर फूल की पान, एवढं जरूर विचारा. आणि मग, सिंह का, हेही.