कपाटाची कुरकुरणारी बिजागरी

शेतकऱ्याच्या घरीं बैलगाडीच्या आंखास वंगण मिळतें, ट्रॅक्टरच्या सांध्यांस ग्रीस मिळतें, विहिरीवरील पंपाचीही विचारपूस होते. परंतु ज्या कपाटांत जमिनीचे कागद, दागिने व पुढील हंगामाचें बियाणें ठेविलेलें असतें, त्याच्या बिजागरीस वर्षानुवर्षें तेलाचा थेंबही मिळत नाहीं. ती कुरकुरूं लागली म्हणजे घरांतील माणसें प्रथम त्रासतात, मग हंसतात, आणि शेवटीं तो आवाज त्यांच्या अंगवळणीं पडतो. हें अंगवळणीं पडणेंच पुढें नुकसानीस कारण होतें. म्हणून ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे.

कुरकुर ही बहुधा पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केलें म्हणजे बिजागरीची सळई झिजते, मळसूत्री खिळे सैल पडतात, झडप खालीं बसते व दोन झडपांमध्यें फट राहते. उंदरास आंत शिरण्यास मोठें दार लागत नाहीं. महसूल खात्याच्या नोकरींत वारसांच्या नोंदींचीं पुष्कळ प्रकरणें आमच्या हाताखालून गेलीं, आणि कुरतडलेले कागद रुमालांत बांधून कचेरींत आलेले खातेदारही आम्हीं पाहिले. सातबाराचा उतारा आज डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो. नोंदविलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून काढितां येते. परंतु १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाहीं. वडिलांनीं साक्षीदारांच्या सह्या घेऊन घरींच ठेविलेलें मृत्युपत्र एकदां नष्ट झालें, तर त्याची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरांत सांपडावयाची नाहीं. दोन थेंब तेलाची किंमत ह्या तराजूंत तोलून पाहावी.

आवाज कां होतो, हें आधीं समजून घ्यावें. बिजागरीच्या दोन पत्त्या एका सळईभोंवतीं फिरतात. सळई कोरडी पडली किंवा गंजली, म्हणजे पत्ती तिच्यावर सरळ न घसरतां क्षणभर अडकते व सुटते, पुन्हा अडकते व सुटते. ही क्रिया एका सेकंदांत शेंकडों वेळां घडते. सारंगीच्या गजास राळ लाविल्यानें तार वाजते, त्यांतलाच हा प्रकार होय. झडपेची रुंद फळी तो आवाज वाढविते. म्हणून लहानशी बिजागरी सारें घर जागें करिते.

उपाय करण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें शोधावें. झडप अर्धी उघडून तिची मोकळी कड हातानें हळूच वर उचलावी. ती बिजागरीपाशीं हलली, तर मळसूत्री खिळे सैल आहेत असें समजावें. झडप घट्ट असून आवाज येत असेल, तर दोष सळईंत आहे. झडप एकाच जागीं घासत असेल, तर तिच्या कडेस खडू चोळून ती मिटावी. चौकटीवर खडू उमटेल तेथें घासणी आहे. शिवाय कपाट जमिनीवर नीट टेकलें आहे कीं नाहीं, हें ओळंब्यानें पाहावें. जमीन उंचसखल असली म्हणजे कपाट पिळवटतें व बिजागरीवर तिरका भार येतो. लोखंडी कपाटांच्या बाबतींत तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. पुष्कळदां पायाखालीं एक पातळ पाचर सारतांच कुरकुर बंद होते, आणि तेलाची गरजच पडत नाहीं.

सळई काढतां येण्याजोगी असेल, तर झडपेखालीं पाचर देऊन भार तोलून धरावा. एका वेळीं एकाच बिजागरीची सळई खालून खिळा लावून हातोडीनें वर ठोकावी. दोन्ही सळया एकदम काढूं नयेत. सळईवरील गंज पॉलिशपेपरनें घासावा, घासलेटांत भिजविलेल्या चिंधीनें जुना चिकटा पुसावा व कोरडी करून तेल लावावें. हें काम चुलीपासून दूर करावें. सळईचीं टोंकें ठोकून बसविलेलीं असतील, तर ती काढण्याचा आग्रह धरूं नये. वरच्या टोंकाशीं दोन थेंब तेल सोडून झडप वीस-पंचवीस वेळां उघडमीट करावी, म्हणजे तें आंत उतरतें. बाहेर येणारी काळी घाण पुसून टाकावी.

तेल कोणतें, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्वयंपाकघरांतील हातीं येईल तें तेल ओतण्याची चाल आहे, ती चांगली नव्हे. जवसाचें व करडईचें तेल हवेनें वाळतें. रंगारी जवसाचें तेल ह्याच गुणासाठीं वापरतात. असें तेल कांहीं दिवसांनीं चिकट होऊन बिजागरी अधिकच अडते. खोबरेल थंडींत थिजतें. शिवाय खाद्य तेलाच्या वासानें मुंग्या व झुरळें येतात. एरंडेल वाळत नाहीं व वंगण म्हणून नामांकित आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत कित्येक विमानांच्या इंजिनांस तेंच घालीत असत. परंतु तें दाट असल्यानें बारीक सळईच्या फटींत लौकर उतरत नाहीं. सर्वांत सोयीचें म्हणजे शिवणयंत्राचें पातळ तेल. मळणीच्या दिवसांत जेथें भूस व धूळ उडते, तेथें तेलावर कचरा बसतो. अशा ठिकाणीं सळईवर मेणबत्ती घासावी किंवा पेन्सिलीच्या शिसाची पूड चोळावी.

खिळे सैल झाले असतील, तर ते नुसते पिळून भागत नाहीं. कारण भोंक मोठें झालेलें असतें. खिळा काढून भोंकांत बांबूची काडी सरस लावून बसवावी, ती पुरी वाळल्यावर पृष्ठभागाबरोबर छाटावी, गिरमिटानें बारीक भोंक पाडावें व मग खिळा पेचकसानें पिळावा. मळसूत्री खिळा हातोडीनें कधींही ठोकूं नये. त्यानें लांकडांतील आटे तुटतात. सागवानासारख्या टणक लांकडांत पितळी खिळा पिळतांना तुटण्याचें भय असतें, म्हणून त्याच मापाचा लोखंडी खिळा आधीं पिळून काढावा व त्या वाटेंत पितळी बसवावा. कोंकणच्या दमट हवेंत लोखंडी बिजागरीस पितळी खिळे लावूं नयेत. दोन निराळ्या धातूंमध्यें ओल शिरली म्हणजे लोखंड लौकर गंजतें. बिजागरी व खिळे एकाच धातूचे असावेत.

एक सूचना पावसाळ्याविषयीं. लांकूड ओलीनें रुंदींत फुगतें, लांबींत फारसें वाढत नाहीं. आषाढांत झडप घासूं लागली म्हणून लगेच रंधा मारणारा गृहस्थ फाल्गुनांत त्याच ठिकाणीं फट पाहतो, आणि ज्या फटीचें भय वर सांगितलें ती त्यानें स्वतःच पाडलेली असते. पावसाळ्यांत कडेस मेण चोळून वेळ निभवावी. हवा कोरडी झाल्यावरही झडप घासत राहिली, तरच सुतारास बोलवावें.

ह्या सर्व कामास वर्षांतून दोन वेळां एकेक तास पुरे होतो. पहिली वेळ मृग निघण्यापूर्वींची, म्हणजे ओल येण्याच्या आंत सळयांस तेल पोंचतें. दुसरी खंडेनवमीची. त्या दिवशीं आपण नांगर, कोयता, विळा धुऊन पुसून पुजतो. ज्या बिजागऱ्या घराचे कागद व बियाणें बारा महिने राखतात, त्यांचीही पाळी त्याच दिवशीं यावी, हें उचित होय.