जुना ट्रॅक्टर घेताना



दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला नवा ट्रॅक्टर परवडत नाही, म्हणून जुन्याची चौकशी होते. वर्षात तो किती दिवस चालणार, हे आधी मोजा. भाड्याने भागत असेल तर घेऊच नका.

घ्यायचाच असेल तर रंगरंगोटीला भुलू नका. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेले असेल तर खोड लपते. तापल्यावरही निळा धूर येत राहिला, तर इंजिन ऑईल जाळते आहे. मोठा खर्च आलाच समजा. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. नांगर उचलून इंजिन बंद करा. तो भराभर खाली बसला तर हायड्रॉलिक ढिले आहे.

सर्वांत महत्त्वाचे कागद. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ बघितल्याशिवाय इसार देऊ नका. फॉर्म २९ व ३० भरून ट्रॅक्टर नावावर होईपर्यंत काही रक्कम हातात राखा. नाहीतर उसाचे बिल विकणाऱ्याच्या खिशात आणि ट्रॅक्टर बँकेच्या दारात, अशी गत व्हायची!