अतिदीप्त नवतारे आणि विश्वाचे प्रसरण

दूरस्थ दीर्घिकांची अंतरे निश्चित करणे हा विश्वरचनाशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. दीर्घिकेचा प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणले गेले, हे तिच्या वर्णपटातील रेषांच्या ताम्रसृतीवरून कळते. परंतु ती किती दूर आहे हे सांगणारी खूण प्रकाशात आयती मिळत नाही. १९९८ साली अतिदीप्त नवताऱ्यांच्या साहाय्याने ही अंतरे मोजली गेली आणि प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालले आहे, असा अनपेक्षित निष्कर्ष पुढे आला. हा निष्कर्ष कोणत्या गृहीतावर उभा आहे, आणि त्या गृहीतावर महाराष्ट्रातूनच कोणता आक्षेप घेण्यात आला, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

पद्धतीचे तत्त्व साधे आहे. शहापूर तालुक्यातील माहुलीच्या माथ्यावरून रात्री मुरबाडच्या दिशेने पाहणाऱ्यास एखादा दिवा दिसला आणि त्याची मूळ दीप्ती ठाऊक असली, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते; कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चतुर्थांश होतो. मात्र उन्हाळ्यात या दोन्ही तालुक्यांत शेतकरी राब भाजतात, तेव्हा आसमंतात धूर भरतो. दिवा मंदावतो आणि आहे त्याहून दूर भासतो. तथापि धूर निळा प्रकाश अधिक अडवितो, म्हणून दिवा तांबूसही दिसतो. त्या तांबूसपणावरून धुराचा परिणाम हिशेबातून वजा करता येतो. पुढील सर्व वादाचे बीज या दृष्टान्तात आहे.

आकाशातील असा प्रमाणदीप म्हणजे ‘१-अ’ प्रकारचा अतिदीप्त नवतारा. कार्बन व ऑक्सिजन यांनी बनलेला श्वेत बटू तारा सहचर ताऱ्याशी होणाऱ्या आंतरक्रियेमुळे अणुगर्भीय स्फोटाने संपूर्ण उद्ध्वस्त होतो. यात चंद्रशेखर यांनी दाखविलेली सूर्याच्या सुमारे १·४ पट वस्तुमानाची मर्यादा महत्त्वाची ठरते. स्फोटात निर्माण झालेल्या किरणोत्सर्गी निकेलचे कोबाल्टमध्ये आणि कोबाल्टचे लोखंडात रूपांतर होते. त्या ऊर्जेवर हा तारा कित्येक आठवडे तळपतो. सर्व स्फोट तंतोतंत सारखे नसतात. परंतु जो सावकाश मंदावतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो, हा संबंध मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवून दिला आणि दीप्तीतील फरक दुरुस्त करणे शक्य झाले.

आता तर्काची पायरी पाहू. ताम्रसृती ०·५ असेल, तर प्रकाश निघाल्यापासून विश्वातील अंतरे दीडपट झाली आहेत. प्रसरण पूर्वी वेगवान असून नंतर मंदावले असेल, तर ही दीडपट वाढ थोड्या काळात झाली असली पाहिजे; प्रकाशाने कमी अंतर कापले असेल आणि तारा तुलनेने उजळ दिसेल. उलट प्रसरण पूर्वी संथ असून पुढे वेगावले असेल, तर तेवढ्याच वाढीस अधिक काळ लागला असेल आणि तारा अधिक मंद दिसेल. सॉल पर्लमटर यांचा एक गट आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा दुसरा गट, या दोघांनाही दूरचे नवतारे अपेक्षेहून मंद आढळले. प्रसरणास वेग देणाऱ्या या अज्ञात घटकास ‘कृष्ण ऊर्जा’ असे नाव मिळाले. २०११ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक या तिघांस देण्यात आले.

परंतु हा मंदपणा अंतराचा की धुराचा? पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी हॉइल, बर्बिज प्रभृती सहकाऱ्यांसह २००० साली हाच प्रश्न उपस्थित केला. अतिदीप्त नवताऱ्यांतून बाहेर पडलेली धातूची वाफ थिजून तिचे सूक्ष्म, लांबट तंतू बनतात व ते दीर्घिकांमधील अवकाशात पसरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. असे तंतू सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच शोषतात. म्हणजे येथे दिवा मंदावतो, पण तांबूस होत नाही. त्यामुळे नेहमीची कसोटी निरुपयोगी ठरते. त्याच वर्षी आयुकातीलच वरुण साहनी व त्यांचे सहकारी त्याच नवताऱ्यांच्या अंतरांवरून कृष्ण ऊर्जेचे गुणधर्म काढण्याची पद्धत मांडीत होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

निर्णय करावयाचा तर भिन्न कसोटी हवी. केवळ साध्या करड्या धुळीमुळे येणारा मंदपणा अंतराबरोबर वाढतच जाईल. उलट कृष्ण ऊर्जेचे प्रभुत्व अलीकडचे असेल, तर त्यापूर्वी द्रव्याच्या गुरुत्वाने प्रसरण मंदावत असले पाहिजे, आणि अतिदूरच्या नवताऱ्यांत जादा मंदपणा ओसरला पाहिजे. रीस यांच्या गटाने २००४ साली हबल दूरदर्शकाच्या साहाय्याने एकाहून अधिक ताम्रसृतीचे नवतारे तपासले. तेथे मंदपणा ओसरत असल्याचे दिसले. दुसरा पुरावा २००५ साली आला. आदिविश्वातील ध्वनितरंगांची ठराविक लांबी दीर्घिकांच्या वितरणात उमटलेली आढळली. ही मोजणी प्रकाशाच्या प्रखरतेवर अवलंबून नसल्याने धूळ तिला फसवू शकत नाही. तिच्याशी नवताऱ्यांचे फलित सामान्यतः जुळल्याने बहुसंख्य शास्त्रज्ञांनी धुळीचा पर्याय बाजूस ठेवला.

तथापि आक्षेप व्यर्थ गेला असे म्हणता येणार नाही. विश्वातील ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के भाग अज्ञात आहे असे मान्य करण्यापूर्वी ज्ञात लोखंडाच्या तंतूंचा विचार करणे, ही शास्त्रीय काटकसरच होय. शिवाय मूळ शंका आजही जागी आहे. २०२४ व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेसी’ सर्वेक्षणाच्या फलितांवरून कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी, असा संकेत मिळाला. तो निर्णायक नाही, आणि त्याचे बळ कोणता नवतारा-संच जोडावा यावर बरेचसे अवलंबून आहे. म्हणून या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम दीपाची पारख करावी, मार्गातील धुराचा हिशेब करावा, आणि मगच अंतराविषयी विधान करावे.