चाकाच्या एका फेऱ्यात एक टँकर

रोड सायकलचं चाक एकदा पूर्ण फिरलं की सायकल २,१०५ मिलिमीटर पुढे सरकते. ७०० बाय २५ मापाच्या टायरचा हा घेर. हँडलवरच्या मीटरमध्ये हाच आकडा भरायचा असतो. वेग, अंतर, सरासरी सगळं त्यावरून निघतं. किलोमीटरला ४७५ फेरे, शंभर किलोमीटरला साडेसत्तेचाळीस हजार. ठाणे जिल्हा मोजायला याहून चांगली टेप मला माहीत नाही. लोकलच्या दारातून किंवा मोटारीच्या काचेतून या जिल्ह्यातले आकडे डोक्यात शिरत नाहीत. सायकलवर ते पोटऱ्यांना कळतात.

आधी माणसांचा आकडा, कारण त्याच्यापासून पळण्यासाठीच रविवारी पहाटे सायकल काढलेली असते. पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांवर भरली होती. तेव्हाचा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा, माणसांच्या संख्येत अख्ख्या पोर्तुगालपेक्षा मोठा. त्यात एकट्या कल्याण-डोंबिवलीचे १२ लाखांहून अधिक. ही गर्दी इथे आणली रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा १४ डबे, ४०० पाहुणे आणि ते ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती. ३४ किलोमीटरला लागले तास-सव्वा तास. आज चांगल्या सरावाचा सायकलस्वारांचा गट मोकळ्या रस्त्यावर जवळपास त्याच वेगाने जातो, तोही कोळसा न जाळता. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ला, रूळ कल्याणला पोचले.

या कोटीभर माणसांच्या मधोमध बिबटे राहतात. ठाणेकरांची रोजची चढाई म्हणजे उपवन तलावावरून येऊर, आणि येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. उद्यान साधारण १०३ चौरस किलोमीटरचं. २०१८च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत उद्यान आणि लगतच्या परिसरात ४७ बिबटे नोंदवले गेले. शंभर चौरस किलोमीटरला २६ अशी ती घनता, आणि जगात बिबट्यांची इतकी दाटी फार थोड्या ठिकाणी सापडते. येऊरचा चढ दम काढतो तो वेगळा. पण अंधार असताना एकट्याने तिथे जाऊ नये, याला हा आकडा पुरेसा आहे.

खरी मजा कल्याणच्या पलीकडे आहे. शहाडचा पूल ओलांडला की म्हारळ, वरप, कांबा, पाचवा मैल आणि मग रायत्याला उल्हास नदी. पुढे गोवेली, मुरबाड, टोकावडे. डावी-उजवीकडे भाताची खाचरं, समोर सह्याद्रीची भिंत. ही वाट माळशेज घाटाकडे जाते, आणि तिच्याच कडेला, वैशाखऱ्याच्या वर, नाणेघाट आहे. कल्याणपासून घाटाचा पायथा साठेक किलोमीटर, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार फेरे. कोकणाच्या बाजूने सायकल पायथ्याशीच ठेवावी लागते. वरपर्यंत पायवाट आहे, आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावर जकातीची नाणी टाकायचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण अजून उभा आहे.

आकड्यांची आवड असणाऱ्याने मात्र रांजणापाशी रेंगाळू नये, गुहेत जावं. तिथे भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि तो अक्षरशः जमाखर्च आहे. कोणत्या यज्ञात काय दक्षिणा दिली याची यादी: एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, दुसरीकडे ११,००० गाई आणि १,००० घोडे, आणखी एके ठिकाणी २४,४०० कार्षापण. शून्याचं चिन्ह हाताशी नसताना हे लिहिलंय. हजाराच्या खुणेला वीसची खूण जोडून वीस हजार, शेजारी चार हजार, त्याच्या शेजारी चारशे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक. ११,००० गाई एकामागे एक अशा घाटातून चालवल्या आणि एकीला तीन मीटर जागा धरली, तर रांग ३३ किलोमीटर होते. रांगेचं तोंड घाटाच्या पायथ्याशी आलं तेव्हा शेपूट मुरबाडच्या आसपास असणार. राणीने त्या खरंच याच वाटेने नेल्या असं कोणी म्हणत नाही, पण मुरबाड रस्त्यावर एखादी गाय आडवी आली की हा हिशेब मला आठवतो.

ज्या कातळात तो लेख कोरला, त्याचं वय वेगळ्याच मापाचं आहे. दख्खनचा हा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. थरावर थर साचत गेला, आणि झिजून-झिजूनही आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे हजार वर्षं असं धरा आणि आजपासून मागे सायकल हाकत सुटा. कल्याणला रेल्वे आली तो दिवस ३६ सेंटिमीटरवर लागतो. अंबरनाथचं शिवमंदिर, शिलालेखाप्रमाणे शके ९८२चं म्हणजे इसवी सन १०६०चं, एक फेरा पुरा होण्याच्या जरा अलीकडे. नागनिका दोन फेऱ्यांच्या किंचित पुढे, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास. आपल्या प्रजातीचा माणूस पृथ्वीवर आला तो तीनशे फेऱ्यांवर, जेमतेम ६३० मीटर. तिथून पुढे रस्त्यावर आपल्यापैकी कोणीही नाही. आणि लाव्हा भेटायला १३९ किलोमीटर जावं लागतं. कल्याणहून नाणेघाटाच्या पायथ्याला जाऊन परत आलं तरी अंतर पुरत नाही.

आता जरा चढाचा हिशेब, कारण सायकलवाल्यांच्या बढाया तिथेच असतात. कल्याण समुद्रसपाटीलगत आणि इगतपुरी सुमारे ६०० मीटरवर. मधलं रेल्वेचं अंतर ८३ किलोमीटर. त्यात कसाऱ्याच्या थळ घाटात रूळ ३७ मीटरला एक मीटर चढतात, आणि तेवढ्या चढासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर हे वजन ६०० मीटर उचलायला ४ लाख ७० हजार ज्यूल लागतात. आकडा दणदणीत वाटतो. विजेच्या भाषेत तो ०.१३ युनिट आहे. दीड हजार वॅटचा गिझर सव्वापाच मिनिटं चालवला तर तेवढी वीज जाते. शरीर मात्र गिझरइतकं काटकसरी नाही. खाल्लेल्यातला चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो, बाकीचा घाम होतो, शिवाय वारा आणि रस्त्याचं घर्षण वेगळं. म्हणून वर पोचल्यावर मिसळीच्या दोन प्लेटा लागतात आणि त्यांची लाज वाटत नाही.

घाटापलीकडच्या नाशिकच्या दोन डॉक्टर भावांनी, महेंद्र आणि हितेंद्र महाजन यांनी, २०१५मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, वेळ ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. आपल्या टेपेवर हे पावणेतेवीस लाखांहून जास्त फेरे. त्या शर्यतीतला एकूण चढ सुमारे १ लाख ७० हजार फूट सांगतात, म्हणजे समुद्रापासून इगतपुरी ८६ वेळा. ज्यांना एकदाच्या कसाऱ्यात धाप लागते त्यांनी हा आकडा घाटाच्या सुरुवातीला आठवू नये.

पण जिल्ह्यातला सर्वांत अचाट आकडा डोंगराचा नाही, पाण्याचा आहे. बदलापूरहून मुरबाडकडे निघालं की जंगलातल्या वळणांवर बारवी धरण लागतं. एमआयडीसीच्या या धरणाची उंची वाढवल्यावर २०१९पासून ७२.६० मीटर पातळीपर्यंत पाणी साठतं, आणि भरलं की ३३,८८४ कोटी लिटर होतं. सायकलच्या फ्रेमला लावलेली बाटली ७५० मिलिलिटरची. जगातल्या आठशे कोटी माणसांना प्रत्येकी ५६ बाटल्या वाटल्या की बारवी रिकामं होईल. आणि बारवी लहानच म्हणायचं, कारण शहापूर तालुक्यातल्या भातसाची साठवण ७१,७०३ कोटी लिटर आहे, बारवीच्या दुपटीहून जास्त. मुंबईच्या सातही तलावांचं पाणी एकत्र केलं तर त्यात निम्मा वाटा एकट्या भातसाचा.

भातसातून मुंबईला जाणारं पाणी आधी नदीतूनच खाली येतं. वाशिंद-खडवलीच्या बाजूला जे पात्र दिसतं ते तेच. खाली पिसे इथे ते उचलायचं, पांजरापूरला शुद्ध करायचं आणि तिथून भल्यामोठ्या नळांतून भिवंडी, काशेळी, बाळकुमवरून मुंबईकडे न्यायचं. पडघा-भिवंडीच्या बाजूला सायकलने फिरणाऱ्याला हे नळ ठिकठिकाणी सोबत करतात. त्यातला २,७५० मिलिमीटर व्यासाचा नळ घ्या. उंच माणूस आत हात वर करून उभा राहील एवढा. त्याच्या एका मीटरमध्ये ५,९४० लिटर पाणी मावतं. म्हणजे नळाच्या कडेने जाताना चाकाचा एक फेरा झाला की साडेबारा हजार लिटर मागे पडतात. रस्त्यावर दिसणारा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. दर फेऱ्याला एक भरलेला टँकर आणि वर अडीच हजार लिटर.

मुंबईला रोज ३८० कोटी लिटरांहून जास्त पाणी लागतं. या एका मापाच्या नळात ते भरलं तर ६४० किलोमीटर लांबीचा नळ लागेल, रोज नवा. ६०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पुरी करायला सायकलस्वाराला ४० तास मिळतात. मुंबईचा नळ त्याहून लांब असून २४ तासांत रिकामा होतो. आणि काठोकाठ भरलेलं भातसा याच नळात ओतायचं ठरवलं, तर नळाची लांबी १ लाख २० हजार किलोमीटर होते. विषुववृत्ताला तीन वेढे.

आटगावहून आत वळलं की तानसा. १८९२चं धरण, लांबी २,८०४ मीटर, म्हणजे १,३३२ फेरे. भोवती ३२० चौरस किलोमीटरचं अभयारण्य. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यात येतात, आणि मुंबईच्या एकूण साठ्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त पाणी या तिघांत आहे. त्याच तालुक्यातल्या गावांना आणि पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावं लागतं. धरणं शहरापेक्षा उंचावर, नळ शहराच्या दिशेने उताराचे, आणि पाडे धरणांहूनही वर टेकड्यांवर, असं त्याचं तांत्रिक कारण सांगितलं जातं. पण चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात शंभर-दीडशे मीटर पाणी चढवणं जमत नाही, हे मला पटत नाही. वरचा गिझरचा हिशेब पुन्हा बघा: हजार लिटर पाणी दीडशे मीटर उचलायला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. पंपाचा तोटा धरला तरी युनिटभरात भागेल.

तेव्हा एप्रिल-मेमध्ये तानसा किंवा भातसाकडे सायकल काढणार असाल, तर दोन्ही बाटल्या घरून भरून घ्या, तिसरी पाठीवर टाका. वाटेतल्या पाड्यावर पाणी मागू नका. तिथली माणसं नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मागू नका.