पाच महाभूतांची पाच देवळं

दक्षिणेतली पाच शिवमंदिरं एका सरळ रेघेत बांधली आहेत, अशी माहिती श्रावण आला की फोनवर फिरू लागते. नकाशा उघडला की त्यातलं अर्धंच खरं निघतं. श्रीकालहस्ती, कांचीपुरम आणि चिदंबरम ही तीन ठिकाणं खरोखरच ७९.७ पूर्व रेखांशाच्या आसपास आहेत. तिरुवन्नामलई मात्र त्या रेघेच्या साठ-सत्तर किलोमीटर पश्चिमेला आहे, आणि तिरुचिरापल्लीजवळचं तिरुवानैक्कावल शंभर किलोमीटरच्या पुढे. या रेघेच्या नादात देवळांमधलं खरं नवल नजरेआड होतं, याचं मला वाईट वाटतं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही नावं आपण लहानपणीच पाठ करतो. इथं मात्र ती नावापुरती उरलेली नाहीत. देवाला हात कसा लावायचा, लावायचा की नाही, हे इथं महाभूतच ठरवतं.

कांचीच्या एकांबरेश्वराचं लिंग वाळूचं मानतात. पार्वतीनं आंब्याखाली वाळूची पिंड करून तप मांडलं, नदीला पूर आला, तेव्हा पिंड वाहून जाऊ नये म्हणून तिनं ती कवटाळली, अशी कथा. हरतालिकेला वाळूची पिंड करणाऱ्या आपल्या घरांतल्या बायकांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. महादेव म्हटला की डोक्यावर पाण्याची धार आलीच. इथं ती धार शाळुंकेवर धरतात आणि लिंगाला सुगंधी लेप लावतात. माती विरघळते, म्हणून विधीनं माघार घेतली. कृष्णदेवरायानं १५०९मध्ये उभारलेलं उंच गोपूर लांबून दिसतं, पण देवळाचा जीव या मुठीएवढ्या नियमात आहे.

तिरुवानैक्कावलला याच्या अगदी उलट. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधल्या श्रीरंगम बेटावर हे जंबुकेश्वराचं देऊळ आहे. लिंगाच्या बुडाशी झरा आहे, गाभाऱ्यात पाणी पाझरत राहतं. दार बुटकं आणि अरुंद. हत्ती आणि कोळी या दोन भक्तांच्या भांडणाची कथा त्याला जोडलेली आहे: कोळी पुढच्या जन्मी कोच्चेंगट चोळ राजा झाला आणि त्यानं हत्तीला शिरता येणार नाही अशी देवळं बांधली. समोरच्या दगडी जाळीला नऊ भोकं आहेत. त्यांतूनच लिंग पाहायचं. दुपारची पूजा तर आवर्जून पाहावी. पुजारी साडी नेसतो, मस्तकी मुकुट घालतो आणि वाद्यांच्या गजरात अखिलांडेश्वरीच्या गाभाऱ्यातून जंबुकेश्वराकडे जातो. त्या वेळी तो देवीच असतो; देवी स्वतः शिवाची पूजा करते आहे, असं मानतात. मग गाईची पूजा होते. पाण्याचं लिंग देवीनंच कावेरीच्या पाण्यातून घडवलं, ही मूळ कथा रोज दुपारी अशी पुन्हा घडते.

तिरुवन्नामलईला देऊळ प्रचंड आहे, तरी खरं लिंग म्हणजे मागचा अरुणाचल डोंगर. कार्तिकै दीपमच्या संध्याकाळी सुमारे आठशे मीटर उंचीच्या माथ्यावर तांब्याच्या मोठ्या कढईत तुपात भिजलेली कापडाची वात पेटवतात. गाभाऱ्यातल्या समईत न मावणारं तेज तिथं अख्ख्या पंचक्रोशीला दिसतं. डोंगराची प्रदक्षिणा चौदा किलोमीटरची, पौर्णिमेला हजारो माणसं ती अनवाणी करतात. इथून चाळीसेक किलोमीटरवर जिंजी आहे. शिवाजी महाराजांनी १६७७मध्ये घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांचा आधार झालेला हा किल्ला २०२५पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे मराठी पावलं आता तिकडे वळू लागली आहेत. त्यांनी अरुणाचल चुकवू नये.

श्रीकालहस्ती आंध्रात, तिरुपतीपासून जवळ. आपल्याकडचे बरेच लोक राहू-केतूची पूजा उरकून निघतात. गाभाऱ्यात वारा शिरायला वाट नाही, तरी तिथली एक ज्योत हलत असते. वायूची खूण म्हणून ती दाखवतात. पुजारीही लिंगाला हात लावत नाहीत.

चिदंबरमला नटराज आहे, स्फटिकाचं लिंग आहे, सोन्याचं छप्पर आहे. तरीही आकाशाची जागा या सगळ्यांच्या शेजारी, पडद्याआड. दीक्षित म्हणवणारे इथले पुजारी पडदा सारतात तेव्हा सोन्याच्या बेलपानांच्या माळा दिसतात, मूर्ती नसते. निराकाराची व्याख्यानं पुष्कळ ऐकली असतील, पण मूर्तिपूजेच्या ऐन मध्यात रिकामी जागा राखून ठेवायला मोठं धाडस लागतं. ते इथं शतकानुशतकं टिकलं आहे.

ही पाचही स्थानं गाण्यातही बांधलेली आहेत. कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित तिरुवारूरचे. ते जन्मले तेव्हा तो मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांनी पंचभूतलिंगांवर पाच कृती रचल्या: कांचीसाठी भैरवी, अरुणाचलासाठी सारंग, कालहस्तीसाठी हुसेनी, चिदंबरमसाठी केदारम. त्यांतला कर्नाटकी भैरवी आपल्या भैरवीहून अगदी वेगळा, पहिल्यांदा ऐकताना बुजायला होतं. जंबुकेश्वराची कृती यमुनाकल्याणीत आहे. तरुणपणी काही वर्षं काशीत राहिलेल्या दीक्षितांच्या कानात उत्तरेचं संगीत मुरलेलं होतं, आणि हा राग आपल्या यमनकल्याणच्या सख्ख्या नात्यातला. मराठी श्रोत्यानं तिथूनच ऐकायला लागावं. चाल संथ आहे, म्हणून रेकॉर्डिंग निवडताना घाईत गायलेलं घेऊ नये.