अंगणातली शेळी : नफा कुठे, तोटा कुठे?

प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी मक्केत शेळ्या-मेंढ्या चारल्या. तेव्हा या कामात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लासलगावात कांद्याचा भाव पडला की कापडाचे दुकान आणि शिलाईचे मशीन दोन्ही थंड पडतात. अशा वेळी अंगणातल्या दोन शेळ्या घर सावरतात. परंतु हिशेब पक्का असेल तरच.

संगमनेरी ही आपल्या नाशिक-नगर पट्ट्यातली जात, दूध व मांस दोन्हींसाठी चांगली. उस्मानाबादी मांसासाठी नावाजलेली असून ती बहुधा जुळी करडे देते. मोठ्या शेळीला छपराखाली १० चौरस फूट व मोकळी २० चौरस फूट जागा लागते. रोजचा खुराक ३ ते ४ किलो हिरवा चारा व सुमारे १ किलो सुका चारा.

बकरी ईदचा बाजार धरायचा असेल तर उलटे मोजावे. कुर्बानीचा बकरा पूर्ण वर्षाचा हवा आणि शेळी सुमारे ५ महिने गाभण राहते. म्हणजे ईदच्या किमान १७ महिने आधी शेळी फळली पाहिजे. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, हेही ध्यानात असावे. आंधळा किंवा उघड लंगडा बकरा कुर्बानीला चालत नाही. म्हणून पाय व डोळे जपावेत.

विक्री अंदाजाने करू नये. ३० किलोच्या बोकडाचे मटण साधारण १४-१५ किलोच उतरते. वजन करूनच भाव सांगावा. कापडाचा गठ्ठा पडून राहिला तरी खात नाही, बोकड रोज खातो!

नुकसान बहुधा फुकटच्या खाण्याने होते. आपल्याकडे सडका कांदा ढिगाने मिळतो. गाईपेक्षा शेळी तो जास्त सोसते, पण फार खाल्ल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो. लग्नाचा उरलेला भात व रोट्या एकदम खाल्ल्याने पोटात आम्ल वाढून शेळी एक-दोन दिवसांत दगावू शकते. बोकडाला सतत धान्य दिल्यास मूतखडा होतो. लघवीसाठी तो कुंथू लागला तर लगेच पशुवैद्याला बोलवावे. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यावी व पीपीआरची लसही चुकवू नये.

शेवटी भागीदारी. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा आणि करडे निम्मी-निम्मी, हा रिवाज सर्वत्र आहे. परंतु हनफी फिकहप्रमाणे असा करार दुरुस्त नाही, कारण मजुरी आधी ठरलेली नसते. यावर सोपा मार्ग असा की मालकाने शेळीचा अर्धा हिस्सा सांभाळणाऱ्याला विकावा, हवे तर उधारीवर. मग शेळी दोघांची व करडेही दोघांची. दोन साक्षीदारांसमोर कागद करावा. भाऊ-भावांतली बरीच भांडणे त्या एका कागदाने टळतील, इन्शाअल्लाह.