न सापडलेल्या होडीचा पुरावा

एखादी वस्तू मुळीच सापडलेली नसताना ‘ती होती’ असे शास्त्रज्ञ ठामपणे सांगू शकतील काय? एका जुन्या गावाची हकीकत वाचा, म्हणजे याचे उत्तर तुम्हांला मिळेल.

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात सायप्रस हे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ६ किलोमीटर आत एका टेकडीच्या उतारावर, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, खिरोकिटिया हे गाव वसले होते. पुरातत्त्वज्ञ पॉर्फिरिओस डिकाइऑस यांनी १९३४ साली ते शोधून काढले. १९९८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

येथील घरे गोल असत. भिंती दगडांच्या व कच्च्या विटांच्या, छप्पर मात्र सपाट. मृतांना घरातच जमिनीखाली पुरत. गावाभोवती दगडी तट होता. या लोकांना धातू ठाऊक नव्हते. सुरुवातीला मातीची भाजलेली भांडीही नव्हती. दगड कोरून ते वाडगे तयार करीत. पण ते गहू पिकवीत आणि मेंढ्या, शेळ्या व डुकरे बाळगीत. उत्खननात या प्राण्यांची हाडे मिळाली आहेत.

आता जरा विचार करा. माणसाच्या येण्यापूर्वी सायप्रसवर ठेंगणे हत्ती आणि ठेंगणे पाणघोडे होते; मेंढ्या-शेळ्या नव्हत्या. त्यांचे रानटी पूर्वज समुद्रापलीकडे, आशिया खंडाच्या डोंगराळ भागात राहत. मग त्या बेटावर आल्या कशा?

चालत आल्या म्हणावे, तर हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरनी खाली गेली होती, तेव्हासुद्धा सायप्रस बेटच राहिले. कारण मधला समुद्र त्याहून पुष्कळच खोल आहे. पोहत आल्या म्हणावे, तर तुर्कस्तानचा सर्वांत जवळचा किनारा सुमारे ७० किलोमीटर दूर! साहजिकच एकच मार्ग उरतो. माणसांनीच त्यांना होडीतून आणले. नर आणि मादी दोन्ही, शिवाय वाटेत पुरेल इतके गोडे पाणी!

होडीत आणखी एक प्रवासी होता. खिरोकिटियात मांजराच्या जबड्याचे हाड मिळाले. पुढे याच बेटावरील शिलुरोकाम्बोस येथे त्याहूनही जुना, सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा पुरावा सापडला. तेथे एका माणसाच्या थडग्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर मांजराचा सांगाडा होता. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. बोचकारणारे रानमांजर मुद्दाम होडीत कोण घेईल? तेव्हा मांजर त्या काळीच माणसाळू लागले असावे, असे अनुमान निघते.

त्या होड्या मात्र आजवर मिळालेल्या नाहीत. लाकूड कुजते, कातडे कुजते, हाड टिकते. म्हणून न सापडलेल्या होडीची साक्ष मेंढीचे एक हाड देते. शास्त्रज्ञ नुसत्या वस्तू गोळा करीत नाहीत; ‘ही वस्तू येथे आली कशी?’ असे विचारतात, आणि एकेक अशक्य उत्तर बाजूला सारतात. तुमच्या गावातील जुन्या वस्तूंनाही हाच प्रश्न विचारून पाहा!